घुमटीवरचा झेंडू

"दार लागंना झालंय बाई. आन् ह्ये काय पावसानं फुगल्यालं न्हाई, चैतात कुटला पाऊस," असं रत्नाबाई म्हणाली होती. सुलक्षणानं मांडीवरच्या मृण्मयीची लाळ पुसत, तिच्याकडं धड न बघताच सांगून टाकलं होतं, "कडेला मेणबत्ती घासा. सरकेल." सांगताना आपण फार घरगुती, फार उपयोगाचं बोलतोय असं तिला वाटलं होतं, अंबाजोगाईला आई तसंच करायची. मुळशीच्या धरणाच्या अंगाला, रस्त्यापासून थोडं वर, डोंगराच्या पायाशी रत्नाबाईचं घर. पुढं ओटी, मागं म्हशींचा गोठा, आणि गोठ्याच्या वर चढावर तो खांब. रत्नाबाई त्या दिवशी खांबावरच येणार हे सुलक्षणाला ठाऊक होतं आणि ती आलीच. "तुमचा खांब आल्यापास्नं घराला सुख न्हाई. कायतरी वढून घेतोय त्यो वरनं." म्हणजे झालं, सुलक्षणा मनात म्हणाली, आता सुताराचं सांगणार, मग पत्र्याचं, मग खांबाच्या जागेचं भाडं वाढवायचं. तिनं वर पाहिलं तेव्हा दाराच्या वरच्या कोपऱ्यातून उन्हाची एक तिरकी फाक आत आलेली दिसली. वर रुंद, खाली निमुळती. तिला ती दिसली, कारण तिला सगळंच दिसतं. टेबलाचा कोपरा, जमिनीवर पडलेला द्राक्षाचा मणी, फ्रिजमागची वायर. मूल झाल्यापासून तिचे डोळे मिटतच नाहीत. दिवसाला शंभर संकटं दिसणाऱ्या बाईनं त्यातलं एखादं सोडून द्यायचं असतं, नाहीतर वेड लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिनं ती फाक सोडून दिली.

तीन महिन्यांनी एका शुक्रवारी दुपारी भुकूमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या ओट्याशी नाचणीचं सत्त्व ढवळताना तिला हसू ऐकू आलं. बेडरूमचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत निषादची मीटिंग चालली होती. निषाद तिचा नवरा, पुण्यातल्या एका संस्थेत शास्त्रज्ञ. त्याच्या मीटिंगला पाच-सहा देश असतात, त्यामुळे हसू एकदम येत नाही. आधी निषाद हसला, मग जपानमधलं कुणीतरी, मग युरोपातले दोघं, आणि सगळ्यात शेवटी कुठून तरी एक उशिरा आलेलं एकटं हसू, जेवण संपल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखं. त्या हसण्याच्या मध्ये एक शब्द होता, गारलँड. "अगेन द गारलँड," निषाद म्हणाला. "लेट्स ड्रॉप द स्टेशन." कुणाची हरकत नव्हती. सत्त्वात एक गुठळी झाली होती. ती चमच्यानं दाबताना सुलक्षणाचा हात थांबला. बाहेर सोमवारपासून लागलेला पाऊस होता, आणि आषाढ चालू होता, आणि आषाढात रत्नाबाई खांबाला हार घालत नाही.

ह्या हाराचं असं आहे. खांब छातीइतका उंच, सिमेंटचा, आणि त्याच्या डोक्यावर पांढरी गोल घुमटी. घुमटीत अँटेना असते आणि ती दिवसरात्र उपग्रह ऐकत बसते. अमेरिकेचे, रशियाचे, युरोपचे, चीनचे, आपले. त्यावरून तो खांब पृथ्वीवर नेमका कुठं आहे हे मिलिमीटरच्या हिशेबात कळतं, आणि असे शेकडो खांब, त्यांच्या भाषेत स्टेशनं, जगभर आपापला आकडा रोज एकमेकांना पाठवतात, फुकट, म्हणून जगाचा नकाशा जागेवर राहतो. समुद्र किती चढला, विमान कुठं उतरलं, कुठला देश किती सरकला, सगळं त्या आकड्यांवर. खांब उभा राहिला त्या वर्षीच्या दसऱ्याला रत्नाबाईनं त्याला हळदकुंकू लावलं आणि घुमटीवर झेंडूचा भरगच्च हार चढवला. नांगराला घालतात, मोटरला घालतात, गिरणीला घालतात. ह्याला का नको? ओल्या फुलांमधून येताना उपग्रहाची हाक जराशी अडखळली, खांब एका दिवसात उंच झाल्यासारखा दिसला, आणि दोन खंडांतून निषादला विचारणा आली की तुमच्या डोंगराला झालं काय. निषाद धावत मुळशीला गेला, हार काढला, फोटो काढला. तो फोटो पुढं व्हिएन्नाला पडद्यावर झळकला. नाकात नथ घातलेली, पदर खोचलेली, हातात कुंकवाचा करंडा घेतलेली रत्नाबाई, आणि खाली इंग्रजीत, आमची स्टेशन मॅनेजर. सभागृह पोट धरून हसलं म्हणे. तेव्हापासून त्या स्टेशनच्या आलेखात काही वेडंवाकडं दिसलं की त्याला गारलँड म्हणतात. जगातल्या निवडक शंभर-सव्वाशे माणसांना रत्नाबाईचा हार माहीत आहे. तिचं नाव त्यातल्या एकालाही माहीत नाही.

सुलक्षणानं गॅस बंद केला. तिला राग आला असं म्हणता येत नाही. राग गरम असतो, आणि तिच्या आत जे पसरत होतं ते फरशीसारखं गार होतं. ह्याच माणसाच्या ह्याच कामावर ती भाळली होती, ही त्यातली खरी फजिती. अंबाजोगाईच्या कॉलेजात ती तासिका तत्त्वावर गणित शिकवत होती. निषाद बघायला आला तेव्हा त्यानं पगाराचं काही विचारलं नाही, स्वयंपाकाचं विचारलं नाही, तर म्हणाला, ज्या दोन देशांचे मंत्री एकमेकांशी बोलत नाहीत त्यांचे खांब रोज एकमेकांशी बोलतात. तिच्या अंगावर काटा आला होता. लग्नानंतर महाबळेश्वरला कठड्याशी उभं राहून तो म्हणाला होता, आपण आत्ता स्थिर उभे नाही, सुलू, हा सगळा देश दरवर्षी पाच सेंटिमीटर ईशान्येला चाललाय, आपल्याला घेऊन. तिनं त्याचा हात धरला होता. तेवढ्या वेगानं सुद्धा तोल जाईल असं वाटून. इतकं मोठं काही आपल्या घरात येऊन पोहे खातंय ह्याचं तिला अप्रूप होतं. मग हळूहळू ते मोठं काही जवळून दिसलं. मागच्या हिवाळ्याआधीच्या हिवाळ्यात परदेशी पाहुणे स्टेशन बघायला आले, तेव्हा ती नुकतीच गरोदर होती, आणि 'लेडीज'ना सोबत म्हणून तिलाही गाडीत घातलं होतं. पाहुण्यांनी रत्नाबाईच्या ओटीवर बसून पिठलं-भाकरी खाल्ली, तिखटानं डोळे पुसले आणि पृथ्वी एकच आहे ह्यावर भाषणं केली. हैबतराव, रत्नाबाईचा नवरा, फेटा बांधून मधोमध बसला होता. रत्नाबाई चुलीपाशी. एका बाईनं तिच्यासोबत फोटो काढून घेतला आणि तिला आपल्या संघटनेचं चिन्ह असलेली पिशवी दिली. त्या पिशवीत रत्नाबाई आता शेंगदाणे ठेवते. त्या सबंध सहकार्यातून तिच्या हाती लागलेलं तेवढंच.

आणि खांबाची जागा. ही गोष्ट सुलक्षणाला त्याच दिवशी गाडीत कळली होती, गंमत म्हणून. खरी जागा वर होती, कड्याजवळ, जिथं अख्खा काळा पाषाण उघडा पडलाय. पण तिथवर गाडी जात नाही, आणि पाहुण्यांना दाखवायचं तर गाडी गेली पाहिजे. म्हणून गोठ्यावरच्या चढावर मातीतून डोकं वर काढलेला एक मोठा धोंडा बघितला, त्यावर हातोडा मारून बघितला, ठण् वाजला, आणि त्यात भोक पाडून खांब रोवला. कागदोपत्री तो खडक झाला. धोंडा आणि खडक ह्यांतला फरक अंबाजोगाईच्या पोरालाही कळतो. एकाला खालून मूळ असतं, दुसऱ्याला नसतं. पण जगभरचे शास्त्रज्ञ ज्याच्याकडं कान लावून बसणार तो धोंडा निवडताना कुणी त्याच्या खाली काय आहे हे बघितलं नाही. वर बघण्याची इतकी सवय. उंटावरून शेळ्या हाकतात असं ऐकलं होतं. हे त्याच्याही वरून हाकत होते.

मृण्मयी पाळण्यात कण्हली. तिला सकाळपासून ताप होता. सुलक्षणानं जाऊन तिच्या नाकाखाली बोट धरलं. हे ती दिवसातून कितीदा करते हे निषादला माहीत नाही, माहीत झालं तर तो त्याचाही आलेख काढेल. गरम वारा बोटावर येतो, थांबतो. तो थांबतो तेवढ्या जागेत सुलक्षणा मरून जाते. मग पुन्हा येतो. श्वास म्हणजे काय हे तिला त्या बोटानं शिकवलं. जो जातो आणि परत येतो तो. म्हणून निषादचा तो गाजलेला निबंध तिनं वाचला तेव्हा तिला खुदकन हसू आलं होतं. धरण भरलं की पाण्याच्या वजनानं जमीन किंचित दबते, उन्हाळ्यात धरण आटलं की वर येते, हे त्या खांबानं पकडलं होतं, आणि निषादनं शीर्षकात लिहिलं होतं की जमीन श्वास घेते. ठीक आहे, घेते. वर-खालीची रेघ खरंच पाळण्यासारखी हलायची. पण त्याच पानावर त्याच्याखाली उत्तर-दक्षिणेची रेघ होती. देशाची ईशान्येची चाल वजा केल्यावर ती सरळ राहायला हवी होती, आणि गेल्या पावसाळ्यापासून ती दक्षिणेकडं कलली होती. कलली आणि उन्हाळ्यात परत आली नाही. तिनं जेवताना विचारलं होतं. "परतीचा श्वास कुठाय रे ह्यात?" निषाद भात कालवत म्हणाला होता, "ती नॉइज आहे. झाडांचा, घुमटीवरच्या बुरशीचा, हजार गोष्टींचा परिणाम असतो. तू ते बघू नकोस, वरची रेघ बघ." पुढं सगळ्यांनी वरचीच रेघ बघितली. वरच्या रेघेनं निषादला व्हिएन्ना दाखवलं आणि आता शनिवारी पहाटे आणखी कुठंतरी नेणार होती. बॅग दाराशी भरून उभी होती.

मीटिंग संपली. निषाद हात वर करून आळस देत बाहेर आला. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "चहा?"

"ह्या आठवड्याचा आलेख दाखव."

"कशाचा?"

"गारलँडचा."

त्यानं दाखवला, कौतुकानं. बायकोला अजून रस आहे म्हणून. दक्षिणेकडची रेघ सोमवारपर्यंत उतारावर होती आणि तिथून एकदम तुटून खाली पडली होती. पायरी असावी तशी. युरोपातल्या एकानं तिथं उभी तुटक रेषा मारून ठेवली होती. त्यांच्यात तशी पद्धत आहे. रेघ तुटली की तुटलं तिथं खूण करायची आणि पुढचा-मागचा भाग दोन वेगळे खांब समजून चालायचं; मग गणित स्वच्छ राहतं. जे घडलं ते त्या तुटक रेषेच्या जाडीत मावून जातं.

"हे किती?" तिनं बोट ठेवलं.

"चार साडेचार सेंटिमीटर. म्हणून तर ड्रॉप केलं. सगळ्या जगाच्या सोल्यूशनमध्ये ही घाण कशाला?"

"आषाढात कुणी हार घालतं का निषाद?"

"अगं तो आपला शब्द आहे. माकड बसलं असेल. गोठ्यातलं रेडकू घासलं असेल अंग. खांब सैल झाला असेल."

"खांब खडकात आहे. तूच लिहिलंयस."

त्यानं चहाचं पातेलं घेतलं. त्यात पाणी ओतलं. "लिहिलंय," तो म्हणाला.

"आणि हारानं खांब उंच दिसतो. दक्षिणेला जात नाही. दक्षिणेला काय आहे?"

दक्षिणेला उतार आहे, उतारावर घर, घराच्या खाली हैबतरावानं विकलेला तुकडा, आणि त्या तुकड्यावर रिसॉर्टवाल्यांनी मागच्या वर्षी पोहण्याच्या तलावासाठी डोंगराचा पाय उभा कापून काढलेला. हे दोघांनाही माहीत होतं. गाडी तिथंच लावायची असते.

"सुलू, हे बघ," निषादनं आवाज खाली आणला, मृण्मयी झोपलेली असताना आणतो तसा. "एका आठवड्याच्या डेटावर मी कुणाला काय सांगू? दरडीचं खातं वेगळं आहे. आपलं काम पोझिशन देणं."

"मग दे. रत्नाबाईला दे तिची पोझिशन."

"तू घाबरतेस. मी समजू शकतो. मागं उचकी लागली म्हणून आपण हॉस्पिटलात गेलो होतो. गॅसचा वास येतो म्हणून तू सगळी बिल्डिंग खाली उतरवलीस. काय निघालं? दुसऱ्या मजल्यावर फणस पिकला होता."

हे खरं होतं. फणसच निघाला होता. आणि ती खाली पार्किंगमध्ये बाळ छातीशी धरून उभी होती, सगळी बिल्डिंग तिच्याकडं बघत होती, तेव्हाची ती नजर तिला आत्ता ह्या स्वतःच्या नवऱ्याच्या डोळ्यांत जशीच्या तशी दिसली. खोटं ओरडण्याची परवानगी माणसाला एकदाच असते आणि तिनं ती फणसावर खर्च केली होती. तिला स्वतःचीही किळस आली. ह्या दुधाच्या वासाच्या गाऊनची, दिवसभर नाकाखाली बोट धरत फिरणाऱ्या ह्या पदवीधर बाईची. पण किळस येऊनही रेघ तिथंच होती. फणसाला आलेख नव्हता.

तिनं हैबतरावाला फोन लावला. तो पौडात होता, कुणाच्या तरी हॉटेलात, मागं कपबश्या वाजत होत्या. "काय ताई, साहेब म्हंजी परदेशाला निघालं म्हनं," तो म्हणाला. तिनं सांगितलं. चार सेंटिमीटर म्हटल्यावर तो हसला. "चार बोटं? डोंगुर चार बोटं सरकला म्हनून घर सोडू? आवो आमचं पणजं हितंच गेलं. आन् रत्ना काय माझं ऐकती व्हय. म्हशी सोडून ती सोरगात बी जायाची न्हाई." मग जरा वेळानं, कपबश्यांपासून लांब जाऊन, "पाऊस थांबला की बगतो."

रत्नाबाईनं फोन तिसऱ्यांदा लावल्यावर उचलला. पत्र्यावरच्या पावसात तिचा आवाज तुटत होता.

"दार कसं आहे?" सुलक्षणानं विचारलं. तिला दुसरं काही सुचलं नाही.

"दार? आता लागतच न्हाई. उगडंच ऱ्हातंय. कुत्रं येतंय म्हून फडकं बांधून ठिवलंय. तवा मेणबत्ती सांगितलीस. आता काय सांगतीस, साबण?"

"रत्नाबाई, तुम्ही रेश्माकडं जाता का? आजच." रेश्मा तिची लेक, पिरंगुटला दिलेली.

"आन् म्हशी? तुज्या सातव्या मजल्यावर बांदू?"

"भिंतीला तडे गेलेत का?"

"तड्याचं काय घिऊन बसलीस. गोठ्याच्या मागनं पानी फुटलंय, लाल. लई गढूळ. आदी कदी नव्हतं. त्यो खांब काडा तुमचा. त्यो वाकलाय. मी काल बगितला, म्हातारीवानी मान खाली घालून उबा. त्याला काडा, समदं जाग्यावर यील."

"खांबामुळं नाही हो होत ते. खांब फक्त..." फक्त काय? फक्त बघतो. सगळं बघतो, मिलिमीटरनं बघतो, आणि मग त्याला गप्प करतात. "तुम्ही निघा. मी पाया पडते तुमच्या."

"पाया पडू नगं, पोरीला बग. आवाज येतोय तिचा," रत्नाबाई म्हणाली आणि फोन बंद झाला. की पडला. की तिनं ठेवला. ती तशीच ठेवते.

लाल पाण्याचं सुलक्षणानं निषादला सांगितलं. तो बॅगेत चार्जर कोंबत होता. त्याचा चेहरा एकदा उतरला, हे तिनं पाहिलं, आणि त्या उतरण्यासाठी ती त्याला जवळजवळ क्षमा करणार होती. मग तो म्हणाला, "मी मेल टाकतो." त्यानं टाकला. तिनं त्याच्या खांद्यावरून वाचला. स्थानिक अस्थिरतेमुळे हे स्टेशन पुढील सूचनेपर्यंत प्रक्रियेतून वगळण्यात येत आहे. एकापाठोपाठ एक वर केलेले अंगठे आले. पिवळे, गोरे, सावळे, ज्यानं त्यानं आपापल्या कातडीचा निवडलेला. काय ती एकजूट. दोन देशांचे मंत्री बोलत नाहीत, पण रत्नाबाईला नकाशावरून उचलायला सगळ्यांचे अंगठे वर. पडद्यावर भारताच्या पश्चिम कडेला एक हिरवा ठिपका होता, तो राखाडी झाला. "आणखी काय करू मी?" निषाद म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला. पहाटे टॅक्सी आली, त्यानं झोपलेल्या मुलीच्या कपाळाला ओठ लावले, "ताप उतरतोय," असं मिलिमीटरच्या खात्रीनं सांगितलं आणि गेला. ताप उतरत नव्हता.

शनिवारी सकाळी तिनं मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस दमलेला आणि सभ्य होता. पत्ता विचारला तेव्हा तिनं निषादच्या लॅपटॉपवरून घडाघडा आकडे वाचले. अक्षांश, रेखांश, दशांश चिन्हापुढचे सगळे. इतका नेमका पत्ता त्या माणसाला जन्मात कुणी दिला नसेल.

"ताई, हे नंबर नका सांगू. गाव सांगा. कुठल्या देवळाजवळ? कुणाच्या हॉटेलाजवळ?"

तिला सांगता येईना. ती तिथं नेहमी निषादच्या गाडीत मागच्या सीटवर बसून गेली होती, मांडीवर मूल, नजर मुलावर. "धरणाच्या बाजूला एक नवीन रिसॉर्ट आहे, त्याच्या वर... पांढरी घुमटी दिसते."

"मंदिराची?"

"नाही. खांबाची."

"तुमचं नातं काय त्यांच्याशी?"

"आमचा खांब आहे त्यांच्याकडं," ती म्हणाली, आणि पलीकडं लिहिणं थांबलेलं तिला ऐकू आलं. मग तो म्हणाला, पौडच्या पुढं झाड पडलंय, ते निघालं की माणूस पाठवतो. त्यानं पाठवलाही असेल. नाव रत्नाबाई, खूण पांढरी घुमटी, एवढ्यावर.

बाळाला एकशे दोन ताप होता. गाडी खाली उभी होती, पण तिला चालवता येत नाही. शिकायचं बाळंतपणानंतर ठरलं होतं. दोन टॅक्सीवाल्यांनी पौडच्या पुढं यायला नकार दिला. सोसायटीच्या ग्रुपवर तिनं लिहिलं, कुणी मुळशीकडं जात असेल तर एका बाईंना बघून यावं, घर डोंगराखाली आहे. हात जोडलेली चित्रं आली. शरदचंद्र काकांनी प्रशासनाचा नंबर पाठवला, ज्यावर तिनं नुकताच फोन केला होता. कुणीतरी विचारलं, मॅडम, फणस तर नाही ना. तिसऱ्या मजल्यावरच्या वेदांतनं लिहिलं, आम्ही निघालोच आहोत ताम्हिणीला, बघतो. तिनं त्याला सगळं आठवून आठवून समजावून लिहिलं, वळण, कमान, चढ. झाड निघालं असावं, कारण दुपारी त्याच्याकडून उत्तराऐवजी एक फोटो आला. धबधबा, त्याच्यापुढं सहा जण ओले, हातात भाजलेली कणसं, आणि खाली, स्वर्ग. तिनं तो फोटो मोठा करून करून बघितला, मागं कुठं पांढरं काही दिसतं का. दिसलं ते प्लॅस्टिक होतं. "घर बघितलं का?" तिनं विचारलं. दोन निळ्या खुणा आल्या. संध्याकाळी त्याची बायको लिफ्टमध्ये भेटली तेव्हा म्हणाली, "अगं, जाताना लक्षात होतं. तिथनं गेलो तर दार उघडंच दिसलं, म्हटलं कुणीतरी आहे की घरात."

रत्नाबाईचा फोन वाजतो. बंद लागत नाही, नुसता वाजत राहतो. आणि फोन म्हणजे तरी काय, सुलक्षणा गॅलरीत उभी राहून विचार करते. पिशवीत शेंगदाण्यांवर पडलेला एक दिवा, पेटतोय, विझतोय. हैबतराव उचलतो आणि बघतो म्हणतो. निषादचा संदेश आलाय, पोचलो, इथं ऊन आहे. खाली पौड रस्त्यावर गाड्यांची रांग आहे. त्या सगळ्या तिकडंच चालल्यात, काचा वर, वायपर हलतायत, आणि प्रत्येक गाडीत पुढं एक छोटा पडदा आहे ज्यावर ती गाडी नेमकी कुठं आहे हे निळ्या बाणानं कळतंय. इतक्या सगळ्यांना आपण कुठं आहोत हे माहीत आहे. तिनं कठडा धरलाय. एक बोट मात्र मागं, खांद्यावर झोपलेल्या मुलीच्या नाकाखाली. जातो. येतो.

म्हणून आता ती तुम्हालाच विचारते आहे. तुम्ही जाणारच आहात, ह्या नाही तर पुढच्या रविवारी. कणसं खायला का होईना. धरणाचं पाणी डावीकडं लागलं की एक नवी कमान दिसेल, तिच्यावर पोहणाऱ्या बाईचं चित्र आहे. तिथं गाडी थांबवा. कमानीच्या वर चढाकडं बघा. पांढरी घुमटी दिसली तर बरं, ती मान खाली घालून असेल. नाही दिसली तरी वर जा. घराचं दार उघडं असेल. उघडं आहे म्हणून कुणी आहे असं धरून चालू नका, ते दार लागतच नाही. ओटीवर चढा आणि आत हाक मारा. रिसॉर्टचं गाणं चालू असलं तर दोनदा मारा. रत्नाबाई म्हणा; नुसतं मावशी म्हणणाऱ्यांना ती ओ देत नाही. ती बाहेर आली तर तुमच्या चपलांवरून बोलेल, गाडीवरून बोलेल, तुमच्या आईबापांवर जाईल. जाऊ द्या. एकेक शब्द लक्षात ठेवा आणि खाली रेंज येईल तिथून सुलक्षणाला कळवा, की तिनं कुठली शिवी दिली.